रिअ‍ॅलिटी शो आणि गाण्यांतून समाजाचा कल तपासायचा कसा

‘टीव्ही आणि गाण्यांतून दिसणारी समाजाची मानसिकता’ असा विषय प्रकल्पाला, लेखाला किंवा वाचनगटातल्या चर्चेला घेतला की बहुतेक वेळा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. ‘हल्ली सगळं बिघडलंय’ किंवा ‘प्रेक्षकांनाच हे हवं असतं’. मग त्याला साजेसे दोन-चार प्रसंग शोधून चिकटवले जातात. ते टाळायचं तर आधी मोजायचं आणि मग बोलायचं. खालची पद्धत मराठी शो आणि मराठी गाण्यांसाठी आहे. शो आणि गाण्यांचं काम एक माणूस, एक वही आणि दोन शनिवार-रविवार एवढ्यात होतं; गल्लीतल्या नोंदींना मात्र सण-मिरवणुकांची वाट बघावी लागते.

प्रश्न लहान करा

‘मराठी समाज बाईकडे कसा बघतो’ याचं उत्तर कुठल्याच शोमध्ये मिळणार नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘होम मिनिस्टर’च्या एका भागात वहिनींना विचारलेल्या प्रश्नांपैकी किती लग्न, नवरा आणि सासूबद्दलचे होते आणि किती शिक्षण-नोकरीबद्दलचे? हे मोजता येतं. कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षं चालला. आदेश भावोजी घरात येणार, गप्पा होणार, उखाणा होणार, खेळ होणार आणि शेवटी पैठणी. साचा असा पक्का असला की मोजणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण जुना आणि नवा भाग शेजारी ठेवले तर आतला फरक चटकन नजरेत भरतो. सतत रूप बदलणारा शो पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका.

किती बघायचं

रोजच्या शोचे तीन भाग पुरतात: पहिल्या आठवड्यातला एक, मधला एक आणि एक शनिवार-रविवारचा. शेवटचा सोडून चालणार नाही. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात त्याला ‘भाऊचा धक्का’ म्हणत. आठवडाभरात घडलं त्यातलं काय चूक, काय चालवून घ्यायचं आणि कुणाला समज द्यायची, हे सूत्रसंचालक तिथे सगळ्यांदेखत सांगतो. शोमध्ये थेट समाज दिसत नाही. आपला प्रेक्षक काय खपवून घेईल याबद्दलचा वाहिनीचा अंदाज दिसतो, आणि तो या भागात सगळ्यात उघडा पडतो. त्यामुळे वेळ कमी असेल तर बाकीचे दोन सोडा, हा घ्या.

गाणी पाच घ्या, पण सगळी एका वर्षातली नकोत.

वहीतले रकाने

पानाला सहा रकाने आखा: वेळ, कोण बोललं, कुणाला बोललं, संबोधन, पार्श्वसंगीत, कॅमेरा कुणावर. जाहिराती वगळून पाऊण तासाच्या भागाला पहिल्यांदा तीन तास तरी लागतात. सवय झाली की दीड तासात होतो. वेग ०.७५ ठेवला तर सारखं मागे जावं लागत नाही.

संबोधनाचा रकाना मराठीत सोन्याच्या भावाचा आहे. कोण कुणाला ‘अरे’ म्हणतं, कोण ‘ताई’ म्हणून लगेच ‘तू’वर येतं, भांडणात ‘तुम्ही’ कोण टिकवतं, वयाने लहान पण नावाने मोठ्या कलाकाराला ‘सर’ कोण म्हणतं, हे सगळं तिथे येतं. दहा मिनिटांच्या नोंदीत घरातली उतरंड कागदावर येते, आणि ती स्पर्धकांनी तोंडाने सांगितलेल्या उतरंडीपेक्षा बरीच वेगळी असते. ‘आम्ही सगळे एक फॅमिली आहोत’ हे वाक्य कुणी, कितव्या मिनिटाला आणि कुणाला गप्प करताना म्हटलं, तेही लिहा.

पार्श्वसंगीताचा रकाना लोक आळसाने रिकामा सोडतात. बासरी किंवा व्हायोलिन लागलं की संकलक सांगतोय, इथे हळहळा. टुणकन उडणारा आवाज आला की सांगतोय, इथे हसा. तो आवाज कुणाच्या उच्चारांवर, कुणाच्या इंग्रजीवर, कुणाच्या जेवण्याच्या पद्धतीवर टाकलाय याची यादी करा. सगळ्या पानांत ही यादी सर्वात जास्त बोलते.

इथली ठरलेली चूक म्हणजे पडद्यावरचा क्रम खरा मानणं. एक जण बोलतो आणि दुसरीचं तोंड वाकडं होतं. ती प्रतिक्रिया त्याच क्षणाची असेलच असं नाही, ती वीस मिनिटं आधीचीही असू शकते. वाक्य ऐकू येतंय पण बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही, तिथे समासात ‘जोड?’ असं लिहा; दोन वाक्यं कापून एक केलेलं असू शकतं. एकट्याने कॅमेऱ्याशी बोलण्याच्या तुकड्यांत विचारलेला प्रश्न कापलेला असतो, उत्तर तेवढं उरतं. म्हणून ‘अमक्याने असं वागून दाखवलं’ याऐवजी ‘अमका असा दाखवला गेला’ असंच लिहायचं. सुरुवातीला जड जातं, पण पुढचे अर्धे वाद टळतात.

हसू आणि माफी

मोजायच्या दोन गोष्टी कधीच सोडू नका: कुणावर हसलं जातं आणि कुणाला माफ केलं जातं. तीच आरडाओरड एका पुरुषाने केली तर ‘स्ट्राँग प्लेयर’ आणि बाईने केली तर ‘आक्रस्ताळी’ ठरते का, हे धक्क्यावरच्या शब्दांतून उतरवून काढता येतं. दोन समान प्रसंग निवडा, दोन्हींबद्दल वापरलेली विशेषणं समोरासमोर लिहा. मत देऊ नका, फक्त यादी करा.

पाचव्या पर्वाचा निकाल या कामासाठी फार चांगला नमुना आहे. २८ जुलै २०२४ ला सुरू झालेलं पर्व ६ ऑक्टोबरला संपलं. जिंकला सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, ‘गुलीगत’ आणि ‘झापुक झुपूक’वाल्या रील्समुळे माहीत झालेला मुलगा. उपविजेता होता अभिजीत सावंत, २००५ च्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा विजेता. लगेच दोन वाचनं तयार झाली: ‘गावाकडच्या गरीब पोराचा विजय’ आणि ‘सहानुभूतीची मतं’. दोन्ही घाईची आहेत. तपासायचं असं: त्याच्या वाट्याला आलेल्या दृश्यांतली किती त्याच्या खेळाची होती, किती त्याच्या परिस्थितीची आणि किती गंमत म्हणून दाखवलेली? तीन बेरजा मांडा. परिस्थितीची बेरीज मोठी निघाली तर त्यातून मतदारांआधी वाहिनीबद्दल काहीतरी कळतं. आणि मोबाइलवरून दिलेलं मत म्हणजे खिशातले पैसे खर्च करून दिलेली दाद नव्हे. त्याच्या नावाची हवा घेऊन २०२५ मध्ये आलेल्या चित्रपटाला मतांच्या हिशेबाने गर्दी झाली नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी ‘महाराष्ट्राने कौल दिला’ असं वाक्य लिहिताना हात थबकेल.

प्रतिक्रिया मोजताना

यूट्यूबवरच्या प्रतिक्रिया आपोआप ‘टॉप’ क्रमाने दिसतात. म्हणजे लाइक मिळालेल्या, गुळगुळीत. क्रम बदलून ‘नवीन आधी’ करा आणि सलग १०० घ्या, वेचून नाही. चार गट करा: कौतुक, टिंगल, गाव-जात-भाषा यांचा उल्लेख, इतर. मग त्यातल्या २० दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि तुमच्या खुणा न दाखवता वर्गवारी करायला सांगा. सोळापेक्षा कमी जुळल्या तर तुमच्या गटांची व्याख्या ढिली आहे. ती नीट करा आणि पुन्हा सगळ्या मोजा. उपरोध ही इथली मोठी डोकेदुखी. ‘वा, काय ते संस्कार’ ही प्रतिक्रिया नवखा माणूस हमखास कौतुकात टाकतो.

गाणं: आधी तोंड कुणाचं ते बघा

गाण्याला वेगळं पान. बोलतंय कोण, कुणाशी, मागतंय काय, वस्तू कोणत्या, बोली कोणती, ठेका कोणता. शब्द वाचून नव्हे, तीनदा ऐकून लिहा, कारण इंटरनेटवरच्या शब्दांत चुका फार असतात.

उदाहरण म्हणून संजू राठोडचं २०२४ मधलं ‘गुलाबी साडी’ घ्या. बोलणारी बाई आहे, आवाज पुरुषाचा. यात नवं काही नाही. पेशवाईतले राम जोशी, होनाजी बाळा हे शाहीर लावणीत बाईच्याच तोंडून बोलत. नवं आहे ते मागणं. दागिना नाही, शालू नाही, ‘माझा फोटो काढ’. नटून झालंय, आपण छान दिसतोय हे तिला माहीत आहे, आता त्याची नोंद हवी आहे. ‘वस्तू’ आणि ‘मागणं’ हे दोन रकाने नीट भरले की ‘बाईला वस्तू केलंय’ आणि ‘बाई स्वतंत्र झालीय’ ही दोन्ही तयार उत्तरं अपुरी वाटू लागतात.

मग त्या गाण्यावरच्या ३० रील्स बघा. रीलखालच्या गाण्याच्या नावावर बोट ठेवलं की सगळ्या एकत्र दिसतात. नाचणाऱ्याचं अंदाजे वय, एकटी की जोडीने, घर की ऑफिस की मंगल कार्यालय, आणि मोबाइल कुणी धरलाय. फोटो मागणारं गाणं आणि स्टँडला मोबाइल लावून एकटीने केलेलं रील, या दोन्हींमधलं अंतर तुमच्या कामाचं आहे.

कुठल्या गल्लीत काय वाजतं

शब्दांवरून काढलेला निष्कर्ष वापरापुढे टिकतोच असं नाही. २०१६ च्या ‘सैराट’ची गोष्ट आंतरजातीय प्रेमाची आहे आणि तिचा शेवट खुनात होतो. त्यातलं ‘झिंगाट’ मात्र जातीतल्या जातीत, पत्रिका जुळवून ठरवलेल्या लग्नांच्या वरातीतही बिनघोर वाजतं. गाणं गाजलं म्हणून चित्रपटाचं म्हणणं पटलं असं धरून चालणारे इथे आपटतात.

म्हणून एक काम पायी फिरून करा. १४ एप्रिलची मिरवणूक, आषाढी एकादशीचा दिवस, गणपती विसर्जन आणि एखादी हळद, या चार प्रसंगांना तासभर उभं राहून वाजलेली गाणी क्रमाने उतरवा. सोबत ठिकाण आणि वेळ. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज यासाठी उत्तम धागा आहे. त्यांनी विठ्ठलाची भक्तिगीतंही गायली आणि भीमगीतंही. ‘चंद्रभागेच्या तीरी’ कुठे कुठे ऐकू येतं आणि त्याच गळ्यातलं भीमगीत कोणत्या रस्त्यापासून पुढे थांबतं, हे नकाशावर दोन रंगांत मांडलं तर पानभर मजकुराची गरज उरत नाही. पुढच्या दोन पिढ्यांतल्या आनंद आणि आदर्श शिंदे यांच्या डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांनाही हीच चाचणी लावा. ती जवळपास सगळीकडे वाजताना दिसतील. नाचायला आवाज चालतो, पण त्याच आवाजातलं जयंतीचं गाणं आपल्या मांडवात चालतं का? ज्याला या विषयात खरंच काही शोधायचंय त्याने बाकीचं थोडं कमी केलं तरी चालेल, हे सोडू नये.

गाणं आणि शो एकत्र

एकच माणूस दोन्हीकडे असेल तर काम रंगतं. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला, उपविजेता अमरावतीचा शिव ठाकरे, जो २०१९ मध्ये मराठीचं दुसरं पर्व जिंकला होता. स्टॅन रॅपमध्ये वस्तीचा रुबाब आणि दरारा मांडतो. घरात मात्र तो बराच काळ गप्प, बाहेर जायचंय म्हणणारा असा दिसला. त्याच्या दोन रॅप आणि दोन भाग घेऊन ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं वेगवेगळी लिहून काढा. दमदाटी किती, घरची आठवण किती, पैशाचा उल्लेख किती. पुण्यातली ही हिंदी ‘अशुद्ध’ म्हणून हसणाऱ्या आणि ‘आपली’ म्हणून मतं देणाऱ्या प्रतिक्रियाही शेजारी ठेवा.

आकड्यांची फसगत

टीआरपी निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात आणि त्या हिशेबात महाराष्ट्र-गोवा ही एकच बाजारपेठ आहे. त्यामुळे ‘गोव्यात हा शो आवडतो’ असं त्यावरून म्हणता येत नाही. यूट्यूबच्या व्ह्यूजमध्ये जाहिरात म्हणून चालवलेलं गाणंही मोजलं जाऊ शकतं. २०१९ मध्ये यूट्यूबने संगीताच्या चार्टमधून आणि २४ तासांच्या विक्रमांतून अशा व्ह्यूज वगळल्या, पण व्हिडिओखालचा एकूण आकडा वेगळा. व्ह्यूज फक्त एवढ्यासाठी वापरा की गाणं पोचलंय. कुणाला, का आणि कशासाठी, ते रील्स आणि गल्लीच्या नोंदींतून काढा.

लिहायला बसल्यावर

पहिला मसुदा झाला की ज्या वाक्यांचा कर्ता ‘समाज’, ‘मराठी माणूस’ किंवा ‘आजची पिढी’ आहे, ती सगळी अधोरेखित करा. प्रत्येकात खरा कर्ता घाला: वाहिनी, संकलक, सूत्रसंचालक, १०० पैकी अमुक प्रतिक्रिया देणारे, तमक्या मिरवणुकीतला डीजे. ज्यात असा कर्ता सापडत नाही ते वाक्य खोडा. प्रतिक्रिया उद्धृत करताना देणाऱ्याचं नाव आणि फोटो काढून टाका, मजकूर मात्र शुद्धलेखन न सुधारता जसाच्या तसा ठेवा. वहीची पानं स्कॅन करून जोडा. गाणी उतरवलेल्या चार प्रसंगांपैकी एखादा पावसाने किंवा पोलिसांनी आवाज बंद केल्याने अर्धवट राहिला असेल, तर त्या पानावर किती वाजता थांबलं तेही लिहा.