कमरेचा एमआरआय रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट हातात पडला की आधी तळाचा ‘इम्प्रेशन’ हा भाग वाचा. तपासणीचं सार तिथेच असतं. आपल्याकडे सरसकट ‘मणका सरकला’ म्हणतात, पण बहुतेक वेळा मणका जागेवरच असतो. दोन मणक्यांमधली गादी बाहेर आलेली असते.

मग कोणती गादी ते बघा. कमरेचे मणके एल१ ते एल५, त्याखाली एस१, म्हणजे कमरेखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका. उसाची मोळी ट्रॉलीवर चढवणारा असो की शिरोलीच्या फाउंड्रीत साचे उचलणारा, त्रास बहुधा एल४-एल५ किंवा एल५-एस१ इथेच निघतो. वाकताना सगळ्यात जास्त भार तिथेच येतो.

आता घाबरवणारे शब्द. ‘डेसिकेशन’ म्हणजे गादीतलं पाणी कमी होणं. टी२ फिल्मवर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात) निरोगी गादी मधे पांढरट दिसते, सुकलेली काळपट. हे वयाबरोबर होतंच. ‘बल्ज’ म्हणजे गादी चहूबाजूंनी थोडी पसरलेली. ‘प्रोट्रुजन’ म्हणजे एकाच जागी आलेला, रुंद बुडाचा फुगवटा. ‘एक्स्ट्रुजन’मध्ये आतला गर कडं फोडून बाहेर येतो, आणि त्याचा तुकडा सुटला की ‘सिक्वेस्ट्रेशन’. गंमत म्हणजे हे शेवटचे दोन प्रकारच आपोआप आकसण्याची शक्यता जास्त असते.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एका गादीला बल्ज निघाला, २७ टक्क्यांत प्रोट्रुजन. म्हणून नुसत्या शब्दावरून ऑपरेशनचा निर्णय करू नका.

खरं महत्त्व पुढच्या ओळीला आहे: कोणती नस, कोणती बाजू. ‘राइट पॅरासेंट्रल, कंप्रेसिंग एल५ नर्व्ह रूट’ (मधल्या रेषेपासून जरा उजवीकडे, एल५ नसेचं मूळ दाबणारी) असं लिहिलं असेल, तर कळ उजव्या पायात, पोटरीच्या बाहेरून पावलावर, अंगठ्याकडे जायला हवी. टाचांवर चालताना पाऊल वर उचलायला जड जाऊ शकतं. एस१ दबली असेल तर कळ मागून टाचेत आणि करंगळीकडे उतरते, चवड्यावर उभं राहणं अवघड जातं. रिपोर्टात उजवी बाजू आणि दुखतो डावा पाय, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्वतः फिल्म बघत असाल तर आडव्या छेदात फिल्मची डावी बाजू म्हणजे तुमची उजवी, हे ध्यानात ठेवा.

लघवी तुंबली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलचा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठा. इथे उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

एरवी बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बराच आराम पडतो. डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडीही न्या, आणि एवढं नक्की विचारा: ‘माझ्या पायातली कळ याच गादीमुळे आहे का?’