इफ्फीला निघालाय? स्वेटर घ्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नोव्हेंबरात चार दिवस ते धाकट्या भावाच्या गळ्यात मारून मी पणजीला सिनेमे बघायला पळतो. दरवर्षी गिऱ्हाइकांतलं कुणीतरी विचारतंच, "आम्हाला पण सांगा की कसं जायचं." म्हणून एकदाच लिहितो.

इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. तो २००४ पासून गोव्यात आहे आणि अलीकडं २० ते २८ नोव्हेंबरच्या सुमारास असतो. पासाची नोंदणी ऑनलाइन, आधीच. उद्घाटनाला नटनट्या बघायच्या असतील तर पहिल्या दिवशी जा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोचलेलं बरं. तोवर कुठला सिनेमा चुकवू नये हे रांगेतली माणसंच सांगायला लागलेली असतात.

आपल्या स्टँडवरनं पणजीला एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. फक्त रात्रीचं निघू नका. हंगाम सुरू झालेला असतो आणि उसाच्या ट्रॉलीला मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात समोर एकदम उसाचा डोंगरच येतो. पहाटे पाचला निघा, आंबोलीत चहा घ्या, जेवायला पणजीत. खोली कदंब स्टँडच्या आसपास बघा. तिथनं मांडवीच्या कडेकडेनं चालत गेलं की जुन्या जीएमसीशेजारी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीशेजारी, आयनॉक्स थिएटर.

आता खरी गोम. पास गळ्यात असला तरी प्रत्येक सिनेमाची सीट वेगळी बुक करावी लागते, आणि सगळे खेळ पणजीतच नसतात. एकदा मी एका इराणी सिनेमाची सीट धरली आणि ऐटीत अर्धा तास आधी आयनॉक्सच्या दारात उभा राहिलो. पोरानं तिकीट स्कॅन केलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, हे पर्वरीचं आयनॉक्स." मध्ये अख्खी मांडवी! रिक्षा करून पूल ओलांडेपर्यंत सिनेमा सुरू झाला होता. तेव्हापासून थिएटरचं नाव मी मोठ्यानं वाचतो, बायको हसली तरी.

बुकिंग फुल्ल दाखवलं तर रश लाइनला उभं राहायचं. येतो म्हणून न आलेल्यांच्या खुर्च्या त्या रांगेला मिळतात. रांगेत कोल्हापूरचं नाव सांगितलं की कुणीतरी जुन्या प्रभात फिल्म कंपनीचा विषय काढतं आणि ती पुण्याची म्हणतं. तिथं गप्प बसायचं नाही. कंपनी निघाली १९२९ साली, आपल्या कोल्हापुरात. पुण्याला गेली ती १९३३ मध्ये.

थिएटरच्या एसीत बाहेरच्या उन्हाचा मागमूस नसतो. दुसऱ्या सिनेमाला दात वाजतात, म्हणून स्वेटर. सीट कडेची धरा. सबटायटल पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढं उंच माणूस बसला की अर्धं वाक्य त्याच्या डोक्यामागं जातं. दिवसाला तीन सिनेमे पुरे. मी पाच बघून पाहिलेत. रात्री कुणाची बायको कुणाबरोबर गेली याचा मेळच लागेना. त्यापेक्षा संध्याकाळी एक खेळ सोडा आणि गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, खा. रस्सा आपल्या तांबड्यासारखा नाही, पण पावाबरोबर चालतो.

शॉर्टफिल्मवाल्या पोरांसाठी थोडं. शूटिंगची परवानगी गोवा मनोरंजन सोसायटीकडून मिळते, ती आधी काढा. भर दुपारी वाळूवर कॅमेरा लावू नका, डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. एसीच्या खोलीतनं थेट बाहेर कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ धरते, तेव्हा अर्धा तास बॅग बंदच ठेवा. आणि समुद्रावरनं आल्यावर लेन्स शर्टानं पुसू नका. मिठाचे कण असतात, काचेवर चरे पडतात. आधी हवा मारायचा ब्लोअर मारा, मग मऊ कापड.