ॲनिमेशनपटातला आव कागदावरच उतरवा

पाच मिनिटांच्या ॲनिमेशनपटात विश्वाची उत्पत्ती, कालचक्र आणि माणसाचं एकटेपण असं सगळं कोंबलं, की बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मोठा विषय घ्यायला हरकत नाही. पण पडद्यावर काहीच घडत नसताना निवेदन तत्त्वज्ञान सांगत सुटलं, की आव उघडा पडतो. तो स्टोरीबोर्डवरच, म्हणजे शॉट क्रमाने रेखाटलेल्या कागदावरच, काढून टाका, कारण रंगवून झालेला शॉट कापायला हात धजावत नाही.

आधी हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ आणि पाच मिनिटांना ३६०० चित्रं, तीही एकाच पात्राची. रोज २० साफ चित्रं काढली तरी १८० दिवस जातात, रंगकाम वेगळंच. रिचर्ड विल्यम्स यांच्यासारख्या उस्तादाने १९६४ साली सुरू केलेला ‘द थीफ अँड द कॉबलर’ १९९२ साली अपुराच हातातून गेला. तेव्हा पहिली फिल्म दीड मिनिटाचीच करा.

मग कोण काय करतं, ते एका वाक्यात लिहा. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवावर फिल्म करताय? ‘श्रद्धेचा प्रवास’ हे वाक्य नव्हे. ‘मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांशी पोचतात, गर्दीत पोरीला काहीच दिसत नाही, आजोबा तिला खांद्यावर घेतात’, हे वाक्य. यात प्रकाशाला नव्या चित्रांची गरजच नाही. गाभाऱ्याची फरशी एकदा रंगवा, त्यावर उजेडाचा थर ठेवा आणि त्याचा मास्क (थराचा किती भाग दिसावा ते ठरवणारा आकार) १२ सेकंदांत, म्हणजे २८८ फ्रेममध्ये सरकवा. मास्कची कड मऊ ठेवा; इतक्या संथ गतीत कडक कड फ्रेमगणिक थरथरते. वाचलेली मेहनत पोरीच्या टाचांवर घाला: टाचा उचलल्या, तोल गेला, पुन्हा उचलल्या. फिल्मचा जीव तिथे आहे.

आता स्टोरीबोर्डची ४०-५० चित्रं एडिटिंगच्या टाइमलाइनवर लावून, मोबाइलवर आवाज भरून ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा, करा. विषय माहीत नसलेल्या तिघांना ते आवाज बंद करून दाखवा आणि ‘काय घडलं?’ एवढंच विचारा. ‘काहीतरी खोल होतं’ असं उत्तर आलं, तर बोर्ड पुन्हा काढा. निवेदनाचं एखादं वाक्य चित्रात दिसतंच असेल, तर ते खोडा.

भव्यतेसाठी कॅमेरा पात्राभोवती फिरवू नका. हाताने काढलेल्या पात्राचा प्रत्येक कोन नव्याने काढावा लागतो. साध्या पॅनमध्येही, म्हणजे कॅमेरा आडवा सरकताना, पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि पात्र दोन फ्रेमला एकदा, मग पावलं घसरल्यासारखी दिसतात. तेवढ्या शॉटपुरतं पात्र दर फ्रेमला नवं काढा, नाहीतर कॅमेरा थांबवा.

संगीत शेवटी. आधी घंटा, कुजबुज, चपला काढल्याचा आवाज लावून बघा. घंटेचा टोल चित्रातल्या आघातानंतर एक-दोन फ्रेमनी ठेवला तर नेमका बसतो; आघाताच्या आधी पडला तर लगेच खटकतो.