थंडीत टिकणाऱ्या वाइन द्राक्षांची छोटी बाग लावताय? मग या चुका टाळा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा किंवा वर व्हरमाँटकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणीतरी घरामागच्या अर्ध्या एकरात द्राक्षं लावायचं मनावर घेतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, इथल्या थंडीत वेल जगेल का? जगेल, अगदी आरामात जगेल. मिनेसोटा विद्यापीठाने 1996 ला फ्रॉन्टेनॅक ही वाइन द्राक्षाची जात काढली, 2002 ला ला क्रेसेंट, 2006 ला मार्केट (Marquette) आणि 2017 ला इटास्का, या सगळ्यांच्या अंगात इथल्याच नदीकाठच्या रानटी रिपेरिया द्राक्षाचं रक्त आहे. फ्रॉन्टेनॅकने तर उणे 30 फॅरेनहाइट, म्हणजे साधारण उणे 34 सेल्सिअस सोसून त्याच वर्षी पूर्ण माल दिलेला आहे. पण म्हणूनच लोक फसतात. कॅटलॉगातला तो आकडा फक्त जानेवारीपुरता आहे. वेल बहुतेक वेळा जाते ती एप्रिल-मेमध्ये, नाहीतर ऑगस्टमधल्या लाडामुळे, नाहीतर शेजारच्या मक्याच्या फवाऱ्यामुळे. ते कुणी आधी सांगत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

जागा बघताना खोलगट भाग निवडणे

ही सगळ्यात महागडी चूक, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, जागा नाही. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहत जाते आणि खोलगट जागेत साचते, आणि उताराच्या पायथ्याला दाट झाडांची रांग असेल तर तिथे अडून मागे बागेपर्यंत भरते. एकाच शेतात वरच्या आणि खालच्या टोकाला चार-पाच डिग्रीचा फरक सहज पडतो, आणि मे महिन्यात तेवढ्यावर वर्षाचं पीक जातं. कोवळा हिरवा फुटवा साधारण 28 फॅरेनहाइटला, म्हणजे उणे 2 सेल्सिअसला मरतो, तिथे उणे 30 सोसणारी जात असून काही उपयोग नाही. 18 मे 2023 च्या पहाटे व्हरमाँट आणि न्यूयॉर्कमधल्या बागांचं असंच झालं, फुटवे चांगले बाहेर आलेले आणि एका रात्रीत काळे पडले.

इथे नाशिक-सांगलीकडून बाग बघून आलेल्या माणसाची गल्लत होते. आपल्याकडे वेल पूर्ण झोपतच नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना (काडीवरच्या कळ्यांना) हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावून एकसारखी फूट काढावी लागते. इकडे बरोबर उलटं आहे. डोळ्यांना थंडी भरपूर मिळालेली असते, मार्चच्या शेवटी चार दिवस ऊन पडलं की ते फुगायला लागतात, आणि आपली सगळी धडपड फूट उशिरा यावी यासाठी. मार्केट लवकर फुटते, म्हणून ती उतारावर सगळ्यात वर लावा, पेटीट पर्ल उशिरा फुटते, तिला थोडी खालची जागा चालते. छाटणीही दोनदा करा, मार्चमध्ये काड्या लांब ठेवून मोकळं करून घ्या आणि शेवटचा काप एप्रिलच्या शेवटी टोकाचे डोळे फुटायला लागले की मारा, त्याने खालचे डोळे काही दिवस मागे राहतात. कापातून पाणी ठिबकतं ते बघून घाबरू नका, त्याने वेलीचं काही बिघडत नाही.

काळी कसदार जमीन मिळाली म्हणून खूश होणे

आयोवा आणि दक्षिण मिनेसोटाची माती म्हणजे मक्यासाठी सोनं, द्राक्षासाठी मात्र डोकेदुखी. वेल नुसती माजते, पानांचं जंगल होतं, घड सावलीत राहतात, आणि मुख्य म्हणजे काडी पिकत नाही. हिवाळ्यात टिकते ती तपकिरी पिकलेली काडी, हिरवी मऊ काडी पहिल्याच कडक थंडीत जाते, जात कुठलीही असो. तरीही लोक वर्षा-वर्षाला शेणखत, कंपोस्ट, वरून लॉनचं नत्र असं चालूच ठेवतात, त्यांना वाटतं आपण वेलीचं भलं करतोय. लावायच्या आदल्या वर्षी माती तपासून घ्या, सामू (pH) 5.5 ते 6.5 च्या आसपास असेल तर उत्तम, कमी असेल तर चुना आधीच मिसळून घ्या कारण नंतर तो खाली मुळांपर्यंत पोचायला वर्षं लागतात. जुलैच्या मध्यानंतर नत्र अजिबात नाही. ऑगस्टमध्ये ओळींच्या मधलं गवत वाढलं तर वाढू दे, ते पाणी आणि नत्र ओढतं आणि वेलीला थांबायचा इशारा मिळतो. रोपांना प्लास्टिकच्या नळ्या घातल्या असतील तर ऑगस्ट संपायच्या आत काढा, आतल्या उबेत काडी शेवटपर्यंत हिरवीच राहते.

आणि पाण्याचा निचरा. पावसानंतर दोन दिवस जिथे डबकं राहतं तिथे द्राक्ष लावूच नका, एवढंच.

कलमाचा आग्रह आणि एकच खोड

आपल्याकडे डॉगरिज खुंटावर (दुसऱ्या द्राक्षाच्या मुळावर) कलम केल्याशिवाय बाग नाही अशी सवय झालेली असते, त्यामुळे इथेही लोक खुंट शोधत बसतात. या जाती स्वतःच्या मुळावरच लावायच्या. कारण साधं आहे, एखाद्या वर्षी खोड जमिनीपर्यंत मेलं तरी खालून जो फुटवा येतो तो त्याच जातीचा असतो, कलम असेल तर खालून खुंटच वर येतो आणि तुमची मार्केट गेली. त्याच हिशोबाने प्रत्येक वेलीला दोन खोडं ठेवा, एक मेलं तर दुसऱ्यावर वर्ष निघतं.

जात घेताना अजून एक, सेंट पेपिनची फुलं फक्त मादी असतात, शेजारी ला क्रॉससारखी परागकण देणारी जात नसेल तर घड धरत नाही. नुसती सेंट पेपिन लावून दोन-तीन वर्षांनी माल का नाही म्हणून विचारणारे लोक खरंच असतात. आणि रिस्लिंग, पिनो न्वार वगैरे युरोपियन जाती उणे 10-15 फॅरेनहाइटच्या पुढे डोळे गमावतात, त्यांचा मोह इथे सोडून द्या. मार्केटच्या आजा-पणज्यात पिनो न्वार आहेच, तेवढ्यावर समाधान माना, मला तरी तिची रेड वाइन मनापासून आवडते.

वेली किती लावायच्या याचा हिशोब न करणे

चांगल्या वेलीला 10 ते 15 पाउंड माल येतो, एक गॅलन वाइनला साधारण तेवढीच द्राक्षं लागतात, आणि गॅलनच्या पाच बाटल्या होतात. म्हणजे 30 वेली म्हणजे जवळपास 150 बाटल्या. घरी करायच्या वाइनला फेडरल कायद्याने दोन मोठी माणसं असलेल्या घरात वर्षाला 200 गॅलनची मर्यादा आहे, विकता येत नाही. पहिल्याच वर्षी 300 वेली लावणाऱ्यांचं काय होतं तर दुसऱ्या उन्हाळ्यात तण वेलींच्या वर जातं आणि मग कुणीच तिकडे फिरकत नाही. पहिली दोन वर्षं ओळीखाली तीन फुटांचा पट्टा तणमुक्त ठेवणं हे पाणी-खतापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, जेवढा पट्टा हाताने सांभाळता येईल तेवढ्याच वेली लावा. आणि त्या दोन वर्षांत आलेले घड काढून टाका, जिवावर येतं हे मान्य, पण आधी मुळं आणि खोड होऊ देत, तिसऱ्या वर्षी थोडा माल घ्या.

मांडव किंवा वाय (Y आकाराचा आधार) घालणे

या जातींचे फुटवे बहुतेक खाली लोंबतात. त्यांना सरळ वर बांधत बसण्यापेक्षा सहा फुटांवर एकच तार ओढा, तिच्यावर दोन्ही बाजूंना ओलांडा (वेलीचा कायमचा आडवा हात) पसरवा आणि फुटवे खाली सोडा. स्वस्त पडतं आणि घडाला ऊन मिळतं. फक्त कोपऱ्याचे खांब मजबूत आधार देऊन पुरा, मालाच्या वजनाने आणि वाऱ्याने तेच आधी वाकतात. छाटणीला हात आखडू नका, गेल्या वर्षीची नव्वद टक्के वाढ निघून जाते, ओलांड्याच्या दर फुटाला चार ते सहा डोळे पुरे.

पण कडक हिवाळ्यानंतर मात्र कात्री लावण्याआधी डोळे तपासा. जानेवारी 2019 मध्ये पोलर व्होर्टेक्स (ध्रुवाकडची कडाक्याची थंड हवा) आला, इलिनॉयच्या माउंट कॅरलला उणे 38 फॅरेनहाइट नोंदलं गेलं, अशा वर्षी नेहमीचा हिशोब चालत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी वेगवेगळ्या वेलींवरून काड्या आणा, दोन दिवस घरात ठेवा, मग ब्लेडने डोळा आडवा कापा. हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेला. निम्मे मुख्य डोळे मेले असतील तर दुप्पट डोळे राखा, त्याहून जास्त गेले असतील तर यंदा जवळपास छाटूच नका. मुख्य डोळ्याच्या बाजूला दुय्यम डोळा असतो, तो फुटतो पण त्याला माल कमी येतो.

आता काही तक्रारी आणि त्यांची कारणं

जूनमध्ये पानं पेल्यासारखी वळली किंवा पंख्यासारखी अरुंद होऊन शिरा एकत्र आल्या, तर लोक लगेच व्हायरस म्हणतात किंवा बुरशीनाशक मारतात. आसपास मका-सोयाबीन आहे का ते आधी बघा. डायकॅम्बा या तणनाशकाने पेला होतो, टू-फोर-डी या तणनाशकाने पंखा. द्राक्ष या दोन्हींना फार हळवं आहे, आणि औषध बऱ्याच अंतरावरून उडून येतं. यावर फवारा नाही, शेजाऱ्याशी लावायच्या आधीच बोलून ठेवायचं, तो कधी आणि काय मारतो ते विचारायचं. अर्धा एकर किंवा जास्त आणि व्यावसायिक बाग असेल तर ड्रिफ्टवॉचवर (फवारणाऱ्यांना हळव्या पिकांच्या जागा दाखवणारी वेबसाइट) नोंद करा. स्वतःच्या लॉनवरचं तणनाशकही तेच असतं हे विसरू नका.

मणी मटारएवढे असताना तपकिरी पडून सुकून काळे मनुके झाले तर तो ब्लॅक रॉट हा बुरशीचा रोग. भुरी आणि केवडा आपल्याला ओळखीचे, हा नाही, म्हणून सुटतो. फुलोऱ्याच्या जरा आधीपासून पुढचे चार-पाच आठवडे फवारणी चुकवू नका, मण्यांवर लक्षणं दिसल्यावर उपयोग नसतो. हिवाळ्यात ते काळे मणी तारेवरून वेचून जाळा किंवा पुरा. गंधक मारताना जात बघा, मारेशाल फोश त्याने भाजते.

वेल मे संपला तरी फुटली नाही म्हणून उपटू नका, जून संपेपर्यंत थांबा.

पक्ष्यांची जाळी मण्यात पाणी उतरायला लागलं (मणी मऊ पडायला लागले) की त्याच आठवड्यात घाला.

आणि शेवटची तक्रार वाइनची, दात आंबतात. हे जवळपास सगळ्यांच्या पहिल्या फ्रॉन्टेनॅकचं होतं, कारण साखर 24 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पोचली तरी आम्ल लिटरला 14-15 ग्रॅम असू शकतं. नुसतं रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं उपकरण) बघून तोडणी करू नका, आम्ल आणि सामू मोजायचा किट घ्या, महागडा नसतो. माल वेलीवर अजून आठ-दहा दिवस राहू द्या, पण पाऊस, गांधीलमाश्या आणि घडाची तब्येत बघून. फर्मेंटेशनला 71बी यीस्ट वापरा, ते मॅलिक आम्ल थोडं खातं, रेड असेल तर पुढे मॅलोलॅक्टिकही (बॅक्टेरियाकडून मॅलिक आम्ल सौम्य करून घेणं) करा. हे सगळं नकोच असेल तर व्हाइटसाठी इटास्का लावा, तिचं आम्लच मुळात कमी आहे.