पडून राहिलेली जुनी पिकअप घरीच दुरुस्त करायची, तर कामाचा क्रम असा ठेवा

आमच्या आप्पांची पिकअप सहा वर्षं गोठ्याशेजारी चिंचेखाली उभी होती. कधीकाळी तिच्यातून गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जायचे. मी ती दुरुस्त करायला घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी नवी बॅटरी जोडली, सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. आनंदाच्या भरात गिअर टाकला, ब्रेकवर पाय दिला, तर पेडल थेट तळाला गेलं. गोठ्याची भिंत तीन हातांवर राहिली असताना गिअरमध्येच इंजिन बंद केलं, म्हणून निभावलं. आत म्हैस बांधलेली होती. तेव्हापासून कुणी विचारलं की एवढंच सांगतो: इंजिन चालू करण्याची घाई करू नका. आधी सांगाडा म्हणजे चेसिस, मग ब्रेक, मग इंजिन आणि रंग अगदी शेवटी.

काम दिवाळीनंतर काढा आणि मृगाच्या आत संपवा. आपल्याकडच्या पावसात उघड्यावर वेल्डिंग होत नाही आणि ओल्या हवेत मारलेला रंग फुगतो.

गाडीवर हात टाकण्याआधी

कागद बघा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर जुळतो का, बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा अजून चढलेला आहे का, हे तपासा. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचा ना हरकत दाखला लागतो. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस करावी लागते. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट (HSRP) १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची आहे. हे जमणार नसेल तर पुढचा खर्च वाया जातो.

गाडी विकत घेत असाल तर आणखी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. वरून धुतलेली गाडी कळत नाही. सीटची रेल, दाराच्या आतला तळ आणि हेडलाइटच्या काचेचा खालचा कोपरा बघा. तिथे बारीक, चिकट, राखाडी गाळ सुकलेला दिसला तर वायरिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळंच उघडावं लागेल असं धरून चाला.

मग गाडी खालून धुवा आणि हातोडी घेऊन चेसिसखाली जा. जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवा आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. आता चेसिसवर वीतभर अंतराने हलकेच ठोका. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजेल तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. कमानपाट्याचे ब्रॅकेट जिथे बसतात ती जागा आणि मागच्या ॲक्सलवरचा चेसिसचा वळसा, या ठिकाणी टोक आत घुसलं तर ते घरी करायचं काम नाही. चेसिस बऱ्याच ठिकाणी गेली असेल तर गाडी भंगारात द्या, मन घट्ट करून द्या. माल भरलेली चेसिस रस्त्यात वाकली तर जीव जातो.

ब्रेक

माझा सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि तुमचाही जाऊ द्या.

पडून असलेल्या गाडीचे मागचे ड्रम शूंना चिकटलेले असतात. ॲडजस्टर सैल करा, ड्रमच्या कडेने गोल फिरत हातोडीने ठोका, सुटतो. आतली काळी धूळ फुंकू नका किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. व्हील सिलेंडरचा रबर उचलून आत बघा. ओल दिसली की सिलेंडर बदला. रबरी होज पाईप बाहेरून बरे दिसले तरी सगळे नवे घाला. ते आतून फुगून बंद होतात आणि मग एकच चाक धरून राहतं.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून जुनं सगळं काढून टाकून टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं नवं भरायचं. आता ब्रेकच्या पाईपांत अडकलेली एअर, म्हणजे हवा काढायची. मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे असतो. त्याच्यापासून सर्वांत लांबचं चाक मागचं डावं, म्हणून सुरुवात तिथून. पुतण्या सीटवर, मी चाकापाशी. चाकामागच्या एअर काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवलं. ‘दाब. धरून ठेव.’ निप्पल पाव फेरा सोडली, बुडबुडे आले, निप्पल आवळली, मगच ‘सोड’. मी आवळण्याआधी त्याने पाय उचलला तर हवा परत आत, म्हणजे मेहनत वाया. पहिल्यांदा साबुदाण्याएवढे बुडबुडे येत होते, मग मोहरीएवढे, विसाव्या-पंचविसाव्या वेळी नळीतून नुसतं ऑईल. मधे मधे टाकीतलं ऑईल भरत राहा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू. चारही चाकं झाल्यावर पेडल अर्ध्यावर कडक लागलं पाहिजे. तसंच मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडर गेलाय.

चाकं निघालेलीच आहेत, तर हबचे बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी कडेला चिरा पडलेला टायर मालाच्या गाडीला ठेवू नका.

इंजिन

जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकी धुवा. इंजिन ऑईलची काडी बघा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, कारण सापडेपर्यंत चालू करू नका. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं हमखास सापडतं. ते काढा आणि त्यांनी कुरतडलेल्या वायरी शोधा.

आता गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन हाताने, ज्या दिशेने ते चालताना फिरतं त्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकलं तर जोर करू नका. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑईल घाला, दोन दिवस मुरू द्या, पुन्हा प्रयत्न करा. सुटल्यावर इंजेक्टर बसवण्याआधी सेल्फ मारून ते ऑईल बाहेर उडू द्या. आत राहिलं तर पिस्टन दाबाला अडून कनेक्टिंग रॉड वाकतो.

नवं ऑईल, नवे फिल्टर आणि कुलंट घातलं की डिझेलची एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, फेस जाऊन स्वच्छ धार आली की आवळा. मग इंजेक्टरच्या पाईपचे नट सैल करून सेल्फ मारा. बोट त्या धारेपुढे धरू नका, दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. कॉमन रेल इंजिनाला (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं) हे पाईप सैल करायचेच नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना एका माणसाला लाकडी फळी घेऊन एअर पाईपपाशी उभं करा. इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून बेफाम पळालं तर चावी बंद करूनही थांबत नाही, हवा बंद केली तरच थांबतं. सुरू झाल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. बॅटरीवर मीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक आहे.

निघालेलं काळं ऑईल गटारात ओतू नका, ते शेवटी पंचगंगेत जातं. कॅनमध्ये साठवून जुनं ऑईल गोळा करणाऱ्याला द्या.

हौदा आणि पत्रा

गुळाची काकवी, शेण, दुधाच्या कॅनमधून सांडलेलं पाणी, हे सगळं हौद्याच्या कोपऱ्यात आणि फाळक्याच्या बिजागरीपाशी साचतं. तिथला पत्रा बोटाने तुटतो. कुजलेल्या भागावर पुट्टी थापून रंग मारणं ही फसवणूक आहे, पुढच्या पावसाळ्यात गंज तिथेच वर येतो. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा आणि २ मिमीचा पत्रा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचं कनेक्शन काढा. पाणी जायला ठेवलेली भोकं बुजवू नका. उरलेला गंज तारेच्या ब्रशने घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा, रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

कमानपाट्याच्या शॅकलची पिन किंवा बुश बाजारात मिळाला नाही तर शिवाजी उद्यमनगरात जुना नमुना घेऊन जा. लेथवर तसाच करून देणारे कारागीर तिथे आहेत आणि ही आपल्या गावाची मोठी सोय आहे. पण स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि ब्रेकचे भाग मात्र नवे, पॅकबंदच घ्या.

पहिली फेरी

विमा आणि फिटनेस झाल्यावरच रस्त्यावर या. आधी रिकाम्या सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढता कामा नये. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. मग पन्हाळ्याला जा. वीसेक किलोमीटरचा रस्ता, शेवटी चढ, म्हणजे पाणी तापतं का ते कळतं. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहा. खाली वाघबीळला आल्यावर गाडी बाजूला घ्या आणि चारही चाकांच्या हबजवळ, न टेकवता, तळहात धरा. मागच्या दोन्ही हबची ऊब सारखी लागली पाहिजे, तशीच पुढच्या दोन्हींची. माझं मागचं डावं जास्त भाजत होतं. घरी येऊन तेच चाक पुन्हा उघडलं, तर शूची स्प्रिंग उलटी बसली होती.