ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो : ट्रॉलीच्या वायरिंगला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या पोरांचा पहिला हंगाम आमच्या भागात ट्रॉल्यांवरच जातो. माझाही गेला, शिरोळ तालुक्यात, साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडात. कारखाना सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात ट्रॅक्टरवाले रांग लावतात. ट्रॉली अख्खा पावसाळा बांधाला उभी असते, आणि मालक म्हणतो, "फक्त लाइट बघ, बाकी काय नाही." या 'फक्त'वर विश्वास ठेवू नका.

बल्ब, फ्यूज, फ्लॅशर तुम्हाला येतच असणार. मला जिथं मार बसला तेवढंच सांगतो.

दोन ट्रॉल्यांची जोडी होती. मागच्या ट्रॉलीला ब्रेक लाइट लागत नव्हता. मी बल्ब काढला, मल्टीमीटरचा लाल प्रोब होल्डरच्या टोकाला आणि काळा ट्रॉलीच्या चॅसीला लावला. ब्रेक दाबल्यावर १२.४ व्होल्ट. म्हटलं करंट तर येतोय, बल्बच गेला असणार. नवा टाकला, नाही. होल्डर बदलला, तरी नाही. मग मागून ट्रॉली जोडायच्या हुकापर्यंत नवी वायर ओढली. आता ब्रेक लाइट लागला, पण विझत्या निखाऱ्यासारखा, आणि त्याच्याबरोबर दोन्ही इंडिकेटर मिणमिणायला लागले. मला वाटलं वायरी एकमेकींना चिकटल्यात. सगळी टेप सोलून काढली. दीड दिवस गेला. ड्रायव्हर बाहेर दगडावर बसून माझ्याकडं बघत होता, ते अजून आठवतं.

वस्ताद तंबाखू मळत आले. बॅटरीच्या मायनसला एक लांब वायर लावली आणि तिचं दुसरं टोक मागच्या होल्डरच्या बॉडीला टेकवलं. लख्ख उजेड. "मायनस कुठनं येतंय ते बघितलंस का रं?" एवढंच बोलले आणि निघून गेले.

मायनस येत होतं हुकातून. ट्रॉलीला अर्थची, म्हणजे मायनसची, वेगळी वायरच नव्हती. ट्रॅक्टरची बॉडी, हुकाची पिन, पहिल्या ट्रॉलीची चॅसी, परत पिन, मग दुसरी ट्रॉली. दोन्ही पिनांवर ग्रीस, गंज आणि चिखल. गाडी उभी असताना कधी लोखंड लोखंडाला टेकतं आणि लाइट लागतो, रस्त्यावर हादरा बसला की जातो. म्हणून शेडात सगळं ठीक आणि नाक्यावर अंधार, असं होतं.

मग १२.४ का दिसले? मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्याला गंजलेली पिनसुद्धा पुरते. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, दोन बल्ब साडेतीन. तेवढा करंट त्या पिनेतून जाईना. नंतर बल्ब लावलेले ठेवून, ब्रेक दाबून, बॅटरीचं मायनस आणि मागच्या होल्डरची बॉडी यांच्यामध्ये मोजलं तर ७ व्होल्ट! म्हणजे बल्बाला उरले जेमतेम पाच. चांगल्या अर्थला इथं अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे.

आणि इंडिकेटर का मिणमिणले? करंटला मायनसकडं जायला वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बात शिरतो. सगळ्या बल्बांची बॉडी एकच, त्यामुळं ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि त्याच्या वायरीनं पुढं ट्रॅक्टरच्या इंडिकेटरमधून अर्थ गाठतो. एक दाबलं आणि दुसरंच पेटलं, की लूम, म्हणजे वायरींचा टेप मारलेला जुडगा, सोलू नका. आधी अर्थ. परत सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: आधी अर्थ.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. सात कोअरची केबल ओढा, त्यातली जाड वायर अर्थला ठेवा आणि ती थेट प्रत्येक होल्डरपर्यंत न्या, चॅसीवर सोडून देऊ नका. रिंग टर्मिनलखालचा रंग घासून काढा, बोल्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणारे पण आहेत, त्यांना काय बोलायचं! तपासायला जुना २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी हाच टेस्टर. एलईडीचा टेस्टर मला आवडत नाही. तो कसल्याही फालतू अर्थवर पेटतो आणि तुम्हाला खड्ड्यात घालतो.

ब्रेकचा स्विचही बघा. काही ट्रॅक्टरना तो एकाच पेडलवर असतो. डाव्या-उजव्या चाकाची दोन पेडल जोडणारी पट्टी ड्रायव्हरनं शेतात सोडलेली असते, मग दुसरं पेडल दाबलं की मागं काहीच लागत नाही आणि दोष तुमच्या वायरिंगला मिळतो. एकटे असाल तर पेडल आणि सीटच्या मध्ये उसाचं कांडं अडकवा आणि मागं जाऊन बघा. आमच्याकडं कांड्यांची कमी नाही.

ट्रॉलीची केबल जिथं जोडतात त्या सात पिनांच्या सॉकेटला फोनवरची आकृती बघून हात घालू नका. १२ व्होल्टच्या सॉकेटात अर्थ ३ नंबरला असते, २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रेलरला १ नंबरला. आकृती दुसऱ्याच व्होल्टची निघाली की डाव्या इंडिकेटरचा करंट सरळ अर्थला जातो. नंबर स्क्रूशेजारी कोरलेले असतात, टॉर्च मारून वाचा. उद्या हायवेच्या गॅरेजात घोडा-ट्रेलरवर (पुढं इंजिनचं डोकं, मागं जोडलेला लांब ट्रेलर) काम मिळालं तर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, प्लग वेगळा असतो, लाइटच्या कामात त्याला छेडू नका. तिथले ब्रेक हवेवर चालतात. लाल पाइपातली हवा गेली की ट्रेलर आपोआप जाम होतो, ती वायरिंगची तक्रार नाही.

पिळून टेप मारलेला जोड पहिल्या पावसापर्यंत टिकतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालायला ड्रायव्हर लाडीगोडी लावेल, ऐकू नका. ट्रॉलीवर गाणी वाजवायचा मोठा टेप लावणारे तुमच्याच अर्थला मायनस जोडतील, त्यांना वेगळी वायर द्या. आणि 'बघून शीक' म्हणणारे वस्ताद वाईट नसतात. माझ्या वस्तादांकडून मी सगळं शिकलो. पण त्यांनी पहिल्या दिवशी दोन वाक्यं जास्त बोलली असती तर माझा दीड दिवस वाचला असता, असं मला आजही वाटतं.

चुका होतील, त्याचं काही नाही. पण अंधारी ट्रॉली 'चालतंय की' म्हणून सोडू नका. उसानं भरलेल्या ट्रॉलीला मागचा दिवा नसेल तर मोटरसायकलवाल्याला ती रात्री दहा फुटांवर आल्यावर दिसते. लाइटचं काम राहिलं असेल तर निदान मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा आणि सकाळी या म्हणून सांगा. शिव्या खाव्या लागतात. मी खाल्ल्यात.

त्या दीड दिवसाची मजुरी मी घेतली नाही, वायरीचे पैसे वस्तादांनी घेतले. तो ड्रायव्हर अजून दर हंगामाला येतो. ट्रॅक्टर शेडापुढं लावला की काही न बोलता खाली उतरतो आणि स्वतःच उसाचं कांडं शोधायला लागतो.