फिलिपिन्समध्ये फेसबुकवर तक्रार लिहिण्याआधी

मी क्वेझॉन सिटीत आठ वर्षं राहते. इथे आपल्याला सरसकट 'बुम्बाय' म्हणतात, बॉम्बेवरून आलेला शब्द. त्यावरून पोस्टी लिहू नका. बहुतेकांच्या मनात काही नसतं.

पहिल्या घराची मालकीण अनामत देईना, तेव्हा रात्री मी तिचं नाव, इमारतीचा फोटो आणि 'चोर' असं सगळं फेसबुकवर टाकलं. सकाळी ऑफिसातल्या आतेनं (मोठ्या बहिणीला इथे 'आते' म्हणतात) ते आधी काढायला लावलं.

2012 च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार ऑनलाइन बदनामीला छापील बदनामीपेक्षा जास्त शिक्षा आहे, आठ वर्षांपर्यंत कैद. 'पण हे खरं आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही, हेतू चांगला होता हेही दाखवावं लागतं. नाव गाळलं तरी माणूस ओळखू आला की झालंच. पत्रकार मारिया रेसा यांचंच बघा. लेख मे 2012 चा, कायदा सप्टेंबरचा. पण 2014 मध्ये लेखातली एक स्पेलिंगची चूक सुधारली, तेच पुनर्प्रकाशन धरून 2020 मध्ये त्यांना दोषी ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो, आणि तो बदलावा म्हणून लढणाऱ्या इथल्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

नुसत्या लाइक-शेअरला 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यातून वगळलं. शेअर करताना वर स्वतःची ओळ लिहिलीत, तर ती मात्र तुमची.

कायद्याइतकंच 'हिया' समजून घ्या, म्हणजे चारचौघांतली लाज. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस इथे पैसे देत नाही, तोंड फिरवतो. म्हणून आधी मेसेंजरवर खाजगीत लिहा, वाक्यावाक्याला 'पो' लावून. आपल्या अहो-जाहोचं काम तो शब्द करतो. आठवडाभर वाट बघा. मग बारांगायच्या कचेरीत जा. आपल्या वॉर्डासारखी ही सगळ्यात छोटी सरकारी पायरी. एकाच शहरातल्या लोकांचे पैशाचे वाद कोर्टाआधी इथेच समेटाला येतात. करारनामा आणि पावत्या न्या.

तरीही जाहीर लिहायचंच असेल तर तारीख, रक्कम, काय घडलं एवढंच लिहा. विशेषणं काढा.

राजकारणाबाबत जास्त जपा. परदेशी माणसानं मोर्च्यात गेलेलं इमिग्रेशनला चालत नाही. पॅट्रिशिया फॉक्स या ऑस्ट्रेलियन नन 27 वर्षं इथल्या गरिबांत राहिल्या, तरी 2018 मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

माझी मालकीण बारांगायमध्ये आली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही समोरासमोर बसलो. तिच्या मुलाचं आजारपण मला तिथे पहिल्यांदा कळलं. अनामत तिनं दोन हप्त्यांत दिली.